लाल विंचू आणि पेशीचं पटल

कर्जत,
भातकापणीचे दिवस

चि. सोनू,


खालापूरच्या आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. पेशीपटलाचं प्रकरण नुसतं परीक्षेपुरतंच होतं का, असं तू विचारलंस. कापणी चालू आहे, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातील. पेंढ्यांखालून, विटांच्या थरांतून लाल विंचू निघतो, म्हणून उत्तर आजच लिहिते.

पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ. पाण्याशी जुळणारी डोकी दोन्ही बाजूंना बाहेर, पाणी टाळणाऱ्या शेपट्या मध्ये. त्यामुळे विद्युतभारित सोडियम आपल्या बळावर आरपार जात नाही. त्याच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं असतात. चेतापेशीतलं दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतं. विंचवाचं विष त्या दाराला चिकटतं आणि मिटूच देत नाही. मग चेतातंतू थांबायचं नाव घेत नाहीत. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, उलट्या होतात. शेवटी हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

एक गोष्ट मनावर घे. दंशाच्या जागी नुसता ठणका लागून कोणी कळवळत असेल, तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. ज्या पोराला ठणका फारसा नाही, पण उलटी होतेय, कपाळ घामेजलंय, पाय गार आहेत, त्याला घेऊन धावायचं. ‘दुखत नाही, म्हणजे विंचू उतरला’ म्हणून वाडीवरचे लोक निश्चिंत होतात, याची मला फार भीती वाटते.

आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीत, डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं रुग्णांच्या उशाशी बसून टिपली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरली. 1986 मध्ये त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये आलं. ही गोळी विषाला हातही लावत नाही. रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींच्या पटलावर आल्फा ग्राहक असतात, अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम तिथेच पोचतो. गोळी ती जागा अडवून बसते. वाहिनी सैल होते, हृदयावरचा ताण उतरतो. चेतापेशींची दारं अजून उघडीच असतात, तरी मूल तगतं! इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवून मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही. जोडीला प्रतिविष दिलं की रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे त्यांनी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं.

मुलांना प्राझोसिनची वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम अशी मात्रा असते, पण ती वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ठरवायची. पहिल्या गोळीनंतर रुग्णाला आडवंच ठेव. उठवून बसवलंस तर रक्तदाब एकदम खाली येतो. तुझ्या कपाटात प्राझोसिन आहे का, तिची तारीख उलटून गेलेली नाही ना, ते उद्याच बघ आणि मला कळव.

तुझी,
मावशी