वैधता २८ दिवस

१.
४ जून २०२४ : लोकसभेचे निकाल.
२७ जून : जिओची दरवाढ जाहीर. दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि वोडाफोन-आयडिया.
३ जुलै : पहिल्या दोघांचे नवे दर लागू. तिसऱ्याने एक दिवस उशीर केला.

२.
जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ झाला. १५५चा १८९. वर्षाचा २,९९९चा ३,५९९. घरात चार फोन आणि चारही २३९वाले असतील, तर वर्षाला ३,१२० रुपये जास्त. हिशेब वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला, म्हणून सुचलं : मध्य प्रदेशात विजेचा दर वाढवायचा तर आयोगापुढे अर्ज करावा लागतो, जाहीर सूचना निघते, हरकती येतात, सुनावणी होते. मोबाइलचा दर आधी वाढवतात. मग कामकाजाच्या सात दिवसांत ट्राय या दूरसंचार नियामकाला कळवतात.

३.
२८ गुणिले १३ म्हणजे ३६४. पंचांगात तेरावा महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो आणि त्यात निदान जावयाला अनारसे मिळतात. मोबाइलमध्ये तो दरवर्षी येतो.

४.
यावर तक्रारी झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने हुकूम काढला : प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवावा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होईल असाही एक. ठेवले. इथे इंदुरात जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये विचारलं. दुकानातला पोरगा म्हणाला, “है ना अंकल, पर वो कोई लेता नहीं.” मी म्हटलं, दाखव. त्याला शोधावा लागला.

५.
जुलै २०२४. रस्त्यांवर सिमवाल्यांच्या छत्र्या. वर्षानुवर्षं कुणी न विचारलेल्या बीएसएनएलच्या सिमला गिऱ्हाईक. दर न वाढवणारी तेवढीच उरली होती. आमच्या गल्लीतले तिघं तिकडे गेले. त्यातला एक आता दोन सिम ठेवतो. एक बोलायला, एक चालायला.

६.
हुशार लोकांनी वेगळंच केलं. ३ जुलैच्या आत जुन्या दराने वर्षाचे रिचार्ज आगाऊ मारून ठेवले, रांगेत एकामागे एक. पैसे वाचले. पण नंबर पोर्ट केला की शिल्लक रिचार्ज बरोबर येत नाही. म्हणजे कंपनीने न बांधता ग्राहकाने स्वतःलाच बांधून घेतलं, तेही आनंदाने आणि शेजाऱ्यांना सांगून.

७.
ट्रायचा जुना नियम : ग्राहक एखाद्या प्लॅनमध्ये आला की सहा महिने त्याचा दर वाढवता येत नाही. चांगला नियम आहे. सहा महिने टिकणारा प्लॅन हवा, एवढंच.

८.
२००५ सरता सरता आणि २००६च्या सुरुवातीला ‘लाइफटाइम’ची लाट आली. ९९९ रुपये एकदा भरा, इनकमिंग आयुष्यभर. आमच्याकडे रामबागेत एका आजोबांनी तो घेतला तेव्हा सून म्हणाली होती, “बाबा, या वयात?” ट्रायने तेव्हाच खुलासा केला होता की लाइफटाइम म्हणजे कंपनीचा परवाना चालेल तोवर. त्या काळातल्या पाट्यांवरची नावं आठवतात का पाहा : हच, स्पाइस, टाटा इंडिकॉम. पुढे एअरसेल, युनिनॉर, रिलायन्स कम्युनिकेशन्स. २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि वोडाफोन-आयडियाने दर २८ दिवसांना निदान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं. नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही.
आजोबा ठणठणीत होते. आयुष्य ३५ रुपये मागत होतं.

९.
ऑक्टोबर २०१९ : कायम फुकट असलेल्या जिओच्या कॉलला, दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर लावला तर, मिनिटाला ६ पैसे.
डिसेंबर २०१९ : तिन्ही खासगी कंपन्यांची दरवाढ.
नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ : तिघांची पुन्हा.
कुणी कुणाला फोन केला नसणार. परवडत नाही.

१०.
सुदामानगरच्या काकूंचं ब्रॉडबँड. मुलगा बेंगळुरूला; रोज रात्री नातीला पाहायचं म्हणून घेतलं. राउटर फ्री, इन्स्टॉलेशन फ्री, बारा महिन्यांचा प्लॅन. भाडं ४९९. पहिलं बिल ५८८ रुपये ८२ पैसे, कारण १८ टक्के जीएसटी जाहिरातीत मावत नाही. तिसऱ्या महिन्यात भाडं पन्नासने वाढलं. काकूंनी विचारलं, वर्षाचं ठरलं होतं ना? उत्तर : अटींमध्ये लिहिलंय, दर बदलू शकतात.
मग मुलाने ठरवलं, आईने बेंगळुरूलाच यावं. काकू कनेक्शन बंद करायला निघाल्या. उत्तर : वर्षाचं ठरलं होतं ना? फ्री असलेल्या इन्स्टॉलेशनचे दीड हजार आता द्या, आणि वर जीएसटी.
दोन्ही उत्तरं एकाच नंबरवरून मिळाली. मधे फक्त काही आठवडे गेले.

११.
त्याच कॉलमधून. मुलगी गोड बोलणारी होती. बंद करण्याचं कारण विचारलं, मग म्हणाली, “मॅम, हम आपको तीन महीने फ्री दे रहे हैं.”
काकू : “बेटा, मैं यहाँ रहूँगी ही नहीं. फ्री किसके लिए?”
“मॅम, बहुत अच्छा ऑफर है.”

१२.
काकूंना म्हटलं, सही केलेला कागद दाखवा. कागद नव्हता. राउटर लावणारा पोरगा म्हणाला होता, “आंटी, फोन पे नंबर आया होगा, पढ़ दो.” काकूंनी चष्मा लावून सहा आकडे वाचले. ती सही.

१३.
भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४. करार मोडणाऱ्याकडून कागदावरचा दंड आहे तसा वसूल होत नाही. वाजवी भरपाई मिळते आणि कागदावरचा आकडा ही तिची कमाल मर्यादा. काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, “हे त्या मुलीला माहीत असेल का रे?”

१४.
१८७२ साली इंदुरात दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. खंडवा–इंदूर रेल्वेसाठी त्यांनी ब्रिटिशांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. मुदत १०१ वर्षं. व्याज साडेचार टक्के, ठरलेलं.

१५.
आमच्या मागच्या गल्लीतला लोकल वायरवाला. करार नाही, अटी नाहीत, ओटीपी नाही. जिन्यातूनच ओरडतो, “भाभी, अगले महीने से पचास ज़्यादा.” वहिनी वरून ओरडतात, “तो काट दे.” तो कापत नाही, पंचवीसवर येतो. बंद करायचं असलं की येतो, डबा काढतो, चहा पिऊन जातो. नेट मात्र पावसात जातं, आणि तेव्हा तो फोन उचलत नाही. तोल सांभाळावा म्हणून हेही लिहितो.

१६.
तक्रारीची रीतसर वाट, ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रावर. तिथे डॉकेट क्रमांक घ्यायचाच. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, शुल्क नाही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत. चाळीस का नाही, या विचारात मी बराच वेळ घालवला.

१७.
ट्रायकडे जावं तर ट्राय एकेकट्याची तक्रार ऐकत नाही, कंपनीकडे पाठवते. टीडीसॅट हे दूरसंचारचं न्यायाधिकरण दिल्लीत आहे. ते कंपनी विरुद्ध ग्राहकांचा गट असा वाद ऐकतं, एकट्या ग्राहकाचा नाही. त्याने ग्राहक आयोगात जावं. काकू विचारत होत्या, गट म्हणजे किती जण? भिशीत त्या अकरा आहेत.

१८.
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ कशाला म्हणायचं ते आहे, आणि वाचताना वाटतं की लिहिणाऱ्याने घरी ब्रॉडबँड घेतलं असावं : नुकसानीच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड, सबळ कारणाशिवाय एकाच बाजूला करार संपवण्याची मुभा, ग्राहकाला अडचणीत टाकणारी गैरवाजवी आकारणी किंवा अट.
मग पुढची कलमं वाचावी लागतात. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे इथे इंदुरात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, स्वतः राहतो तिथे दाखल करता येते. पण करारच अनुचित आहे असं म्हणायचं असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही; थेट राज्य आयोग. भोपाळ, सुमारे १९० किलोमीटर. दीड हजारांसाठी.
अर्ज ऑनलाइन करता येतो, हे खरं. त्यासाठी घरात नेट हवं.
(व्यवहारात वकील काय सांगतात : ‘अनुचित करार’ हे शब्द लिहूच नका, ‘सेवेत त्रुटी’ लिहा. कायद्याने दिलेलं नेमकं शस्त्र म्यानात ठेवून यायचं.)

१९.
अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल यायचं. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३च्या एका महिन्याचं आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. २०१४ मध्ये तो जिल्हा मंचात गेला आणि २२,००० रुपये भरपाई मागितली. कंपनीचं म्हणणं : १८८५च्या टेलिग्राफ कायद्यामुळे हा मंच आमचं प्रकरण ऐकूच शकत नाही. तसा सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा एक निकाल होताही. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ऐकू शकतो. बिल बरोबर होतं की चूक, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नव्हता. सुटला होता तो फक्त कुठे विचारायचा एवढाच.
तेवढ्यापुरती मात्र वाट सगळ्यांना मोकळी झाली, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क शाबूत ठेवला. त्या माणसाचे आभार मानायला हवेत. त्याला मुळात बिल कमी करून हवं होतं.

२०.
भाचा इंग्लंडात, लेस्टरला. त्याच्या ब्रॉडबँडच्या करारातच छापलंय, दर एप्रिलला तीन पौंड वाढ. आधी महागाई अधिक ३.९ टक्के असायची. एप्रिल २०२३ मध्ये ती १४.४ टक्के झाली. मग तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १७ जानेवारी २०२५पासून नव्या करारांपुरता नियम केला : मधेच दर वाढवणार असाल तर आकडा पौंड-पेन्समध्ये, सही घेण्याआधी सांगा. करारात नसलेली वाढ केली तर ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडायला ३० दिवस. भाच्याला म्हटलं, फार छान. तो म्हणाला, “मामा, छान काय, वाढ तर होतेच. फक्त आता आधीपासून माहीत असते.”

२१.
फेब्रुवारी २०२५. इंटरनेटचे दर नियंत्रित करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही. आशय असा की बाजार खुला आहे, पर्याय बरेच आहेत, बीएसएनएल आहे, एमटीएनएल आहे.
एमटीएनएल मुंबईत आणि दिल्लीत.

२२.
एप्रिल २०२५. वोडाफोन-आयडियाने सरकारची देणी शेअर्समध्ये फेडली, ३६,९५० कोटींची. सरकारचा वाटा ४९ टक्क्यांजवळ. बीएसएनएल तर सगळीच सरकारची. म्हणजे चार कंपन्यांपैकी दीड सरकारची, आणि २०२४च्या दरवाढीवर सरकारचं उत्तर असं की दर बाजार ठरवतो. सोबत इतर देशांतल्या दरांचा तक्ता होता. त्यात आपण स्वस्त आहोत. ते खरंही आहे.

२३.
३० नोव्हेंबर २०२३ : ‘डार्क पॅटर्न’वर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं. ग्राहकाला गुंगवण्याच्या १३ तऱ्हा नावानिशी. त्यात एक सबस्क्रिप्शनचा सापळा : घेणं सोपं, सोडणं अवघड.
काकूंच्या कंपनीच्या ॲपमध्ये ‘प्लॅन वाढवा’चं बटण पहिल्याच पडद्यावर आहे. ‘बंद करा’ सापडलं नाही. नातीने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर शोधून पाहिलं, तिलाही नाही. कॉल अर्थात त्याच ब्रॉडबँडवर.

२४.
पोर्टिंग देशभर सुरू झालं २० जानेवारी २०११ रोजी. नंबर तुमचा, कंपनी बदला. नाकारण्याची कारणं नियमातच आहेत : थकबाकी, नेटवर्कवर ९० दिवस पुरे न होणं, वगैरे. त्यातलं एक : करारात बाहेर पडण्याची अट असून ग्राहकाने ती पाळलेली नसणं.

२५.
छत्तीसगड नोव्हेंबर २०००मध्ये मध्य प्रदेशातून वेगळं झालं. मोबाइलच्या सर्कलमध्ये अजून एकत्रच. कंपनीच्या कॉल सेंटरवर हिंदीसाठी १, इंग्रजीसाठी २. मराठीसाठी आकडा नाही, आणि आम्हा इंदूरकरांची तशी अपेक्षाही नाही. भांडायला हिंदीच बरी पडते.

२६.
काकूंनी कंपनीकडे अपील केलं होतं. त्याला उत्तर आलं. ‘विशेष बाब म्हणून’ इन्स्टॉलेशनचे निम्मे माफ. का माफ आणि निम्मेच का, हे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, जिल्हा आयोगात जाऊ, ‘सेवेत त्रुटी’ म्हणून. काकू म्हणाल्या, “सामान बांधायचंय.” आणि पैसे भरून टाकले. यूपीआयने, माझ्यासमोर.

२७.
ऑगस्ट २०२५. रोज एक जीबीचा २४९ रुपयांचा प्लॅन जिओने ॲप आणि वेबसाइटवरून काढून टाकला, पाठोपाठ एअरटेलनेही तो बंद केला. डॉलर मार्केटमधला तोच पोरगा : “रेट नहीं बढ़ा अंकल. बस सस्ता वाला बंद हो गया.”