पहिली वेलांटी

दादांच्या मागे काय उरले, असे कोणी विचारले तर मी सांगेन : एक घर, दोन चष्मे आणि राखी रंगाचा, चार मुठींचा एक संगणक. घर पुतण्याच्या नावावर झाले. चष्मे वहिनींनी देवघरातल्या कपाटात ठेवून दिले. संगणकाचे काय करावे, हे मात्र कोणालाच ठरविता येईना. इंदूरच्या जुन्या वस्तीतील ज्या खोलीत एके काळी दादांचा छापखाना होता, त्या खोलीत टेबलाखाली तो तसाच उभा होता. २०२३ च्या उन्हाळ्यात मी भोपाळहून गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. पण त्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या."

बघण्यासारखे आत काय आहे, हे मला ठाऊक होते. दादा वयाच्या सोळाव्या वर्षी जुळारी झाले. शिशाचे खिळे उचलता उचलता त्यांच्या उजव्या हाताची बोटे कायमची काळवंडली होती. पुढे ऑफसेट आले, खिळे मोडीत गेले, आणि पन्नाशी उलटल्यावर या माणसाने संगणकावर मराठी अक्षरजुळणी शिकून घेतली. छापखाना बंद झाल्यावर त्यांनी एकच उद्योग आरंभिला होता : छापखान्यातील शब्दांची जंत्री. खिळा, जुळारी, गॅली, पान बांधणे असे शेकडो शब्द, त्यांचे अर्थ, आणि कोणता शब्द कोणाच्या तोंडून प्रथम ऐकला त्याची नोंद. एकेका वर्गाची एकेक फाईल. ही जंत्री कागदावर कोठेही नव्हती.

संगणक २००१ सालचा पॉवर मॅक जी-फोर होता. ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तीन कंपन्यांनी १९९१ मध्ये हातमिळवणी करून पॉवरपीसी नावाचा प्रक्रियक घडविला. त्याच कुळातला हा. २००५ साली ॲपलने इंटेलच्या प्रक्रियकांकडे वळण्याचे जाहीर केले आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये आलेली त्यांची कार्यप्रणाली पॉवरपीसीवर चालेनाशी झाली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, पण त्याची भाषा बोलणारे घर त्याला उरले नव्हते. ज्याने खिळे मोडीत जाताना पाहिले, त्या दादांच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आले होते. त्यांनी त्याची तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

मी तो सुरू केला. जुनी कार्यप्रणाली उठली, आणि घड्याळाने १९०४ सालचा पहिला दिवस दाखविला. या यंत्रांचे कालमापन १ जानेवारी १९०४ पासून सेकंद मोजीत चालते. आतली छोटी बॅटरी संपली की काळ पुन्हा आरंभाला जाऊन बसतो. मला त्याचे हसू आले, पण ते टिकले नाही. आतून टक् टक् असा आवाज येत होता. तबकडी मरणपंथाला लागली होती.

तबकडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता आली असती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाजारातल्या कारागिराने तसे सुचविलेही. राहिलेला सांगाडा भंगारात, असेही तो म्हणाला. त्याचे चूक नव्हते. माझे मनच त्याला तयार झाले नाही. दादांचे शब्द दादांच्याच यंत्राने सोडवावेत, असा एक हट्ट मनाशी धरून मी त्यावर लिनक्स बसविण्याचे ठरविले.

ठरविणे सोपे होते, निवडणे सोपे नव्हते. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या या प्रणालीला आज अनेक शाखा आहेत. पण जुन्या पॉवरपीसीला ओसरी देणाऱ्या थोड्याच. यलो डॉग लिनक्स ही तर खास याच यंत्रांसाठी निघालेली. ती केव्हाच थांबली. उबुंटूने २०१६ च्या आवृत्तीनंतर हे दार लावून घेतले. डेबियनची अधिकृत साथ आठव्या आवृत्तीपर्यंत होती. २०१७ च्या नवव्या आवृत्तीतून पॉवरपीसी वगळला गेला. त्यानंतर काही स्वयंसेवकांनी तो अनधिकृत शाखेत जिवंत ठेविला. जेंटूचा मार्ग होताच, पण त्यात प्रत्येक आज्ञावली आपल्याच यंत्रावर घडवून घ्यावी लागते. ७३३ मेगाहर्ट्झच्या या वृद्धाला त्यासाठी दिवसच्या दिवस लागले असते. जुनी अधिकृत आवृत्ती म्हणजे स्थिर पण उघडे घर; नवी अनधिकृत म्हणजे राहते पण रोज डागडुजी मागणारे. मी राहते घर निवडले.

या मॅकची एक बाजू कडी ओढताच दारासारखी खाली उतरते, आणि सगळे अंतरंग त्या दारासह बाहेर येते. दादा त्याला कौतुकाने 'फडताळ' म्हणत. त्या फडताळात मी जुन्या बाजारातून आणलेली ऐंशी गिगाबाइटची दुसरी तबकडी बसविली. १२८ च्या वरची या मॉडेलला पुरती दिसत नाही, म्हणून मोठी घेण्यात अर्थ नव्हता. घड्याळाची बॅटरी त्या दिवशी मिळाली नाही. मग सीडी घालून, सी हे अक्षर दाबून धरून, यंत्र सुरू केले.

पहिल्या प्रयत्नात पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. चित्रपत्राचे नवे आज्ञापत्र या जुन्या पत्राशी जुळत नव्हते. फर्मवेअरने आखून दिलेल्या साध्या चित्रावरच समाधान मानावे, अशी आज्ञा सुरुवातीलाच दिल्यावर अक्षरे उमटली. दुसऱ्या प्रयत्नात संग्रहातून आणलेल्या सामग्रीची स्वाक्षरी यंत्र मानीना. अशा स्वाक्षरीला मुदत असते. ज्याचे घड्याळच भलत्या काळात आहे, त्याने ती खरी मानावी कशी? तारीख हाताने लावली आणि काम पुढे सरकले. मध्यरात्र उलटल्यावर पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ येऊन थांबली. मी दादांचे नाव लिहिले.

जुन्या तबकडीवर काही लिहायचे नाही, केवळ वाचायचे, हा नियम मी घालून घेतला होता. तबकडीची हुबेहूब प्रत करणारी एक आज्ञावली लिनक्सवर आहे. जे सहज वाचता येते ते ती आधी उचलते, अडलेल्या जागांची टिपणी ठेविते आणि मग त्या जागांकडे पुनःपुन्हा वळते. दोन रात्री ते चालले. तिसऱ्या सकाळी टक् टक् थांबली. तबकडीने प्राण सोडला होता. टिपणी पाहिली. कवर्ग, चवर्ग, तवर्ग आले होते. टवर्ग आणि शेवटची अक्षरेही आली होती. पवर्गाची फाईल मात्र अडलेल्या जागांत सापडली होती. ती गेली.

राहिलेल्या फाईली उघडल्या, तर सगळी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेसळ. दादांचा फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवीत असे; फाँट नसेल तर तुकडे नाहीत आणि भाषाही नाही. दादांनी छापून ठेविलेली चारदोन जुनी पत्रके समोर ठेवून, कोणत्या चिन्हाला कोणता तुकडा, असा तक्ता मी बनवू लागलो. पुतण्याची मुलगी अभियांत्रिकी शिकते. तिने त्या तक्त्यावरून रूपांतराची एक छोटी आज्ञावली लिहून दिली. पहिला शब्द आला तो चुकीचाच. पहिली वेलांटी मागच्या अक्षरावर जाऊन बसली होती.

"आजोबा, युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी," ती म्हणाली. "मोठ्या आजोबांच्या फाईलीत वेलांटी आधी आहे. असं का?"

त्याचे उत्तर देताना माझा आवाज थोडा अडखळला. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुळारी ती आधी उचलतो. रफार उच्चारात आधी येतो, पण त्याला शेवटी बसवितात. युनिकोड तोंडाने उच्चारल्याच्या क्रमाने लिहितो. दादांचा फाँट हाताने जुळविल्याच्या क्रमाने लिहीत होता. खिळे मोडीत गेल्यावर कित्येक वर्षे, काचेच्या पडद्यासमोर बसूनही, दादांचे बोट तोच खाना आधी शोधीत होते. त्या निरर्थक दिसणाऱ्या चिन्हांच्या ओळींतून त्यांचा हात मला दिसला. रूपांतर करणे म्हणजे तो क्रम पुसणे होते. आम्ही रूपांतर केले, कारण वाचता न येणारी जंत्री कोणाच्या उपयोगाची? पण मूळ फाईलींची प्रत मी तशीच वेगळी ठेविली आहे.

संध्याकाळी पुतण्या येऊन बसला. पडद्यावर आपल्या वडिलांचे शब्द सरकताना तो बराच वेळ पाहात राहिला. पवर्गाच्या जागी कोरे पान आले तेव्हा त्याने विचारले, "इथे काय होतं?" मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, फर्मा मला माहीत आहे. सोळा पानांचा. लहानपणी घड्या घालायला बाबा मलाच बसवायचे."

"मग सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितले आणि मी लिहिले : फ, मग र, मग हलन्त, मग म, मग काना. कोणाच्या तोंडून प्रथम ऐकला, या रकान्यात दादांचे नाव घातले. पान अजून बहुतेक कोरेच आहे. भंगारवाल्याला पुतण्याने दुसऱ्या दिवशी परत पाठविले.