स्विचचे पान का उघडत नाही

नेटवर्क स्विचचे मुख्य काम रहदारी वळवण्याचे. एका पोर्टातून आलेल्या फ्रेमवरचा मॅक पत्ता पाहायचा आणि ती योग्य त्या पोर्टातून बाहेर सोडायची. या कामासाठी स्विचला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो सेटिंग्जच्या पानाला. कारण ते पान म्हणजे स्विचच्या पोटात वेगळा चालणारा एक छोटा वेब सर्व्हर असतो. त्यामुळेच ऑफिसातले सगळे संगणक चालू, प्रिंटर चालू, इंटरनेट चालू आणि पान तेवढे उघडत नाही, असे होऊ शकते. अशा वेळी स्विच बिघडल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो. दोष बहुतेक वेळा लॅपटॉपच्या बाजूला असतो.

स्विचला पान आहे की नाही, हे आधी पाहावे. स्वस्तात मिळणाऱ्या पाच-आठ पोर्टांच्या पुष्कळशा स्विचना ते नसतेच. त्यांना अनमॅनेज्ड म्हणतात आणि त्यांच्यात बदलण्यासारखे काही नसते. स्विच उलटा करून लेबलावरचा मॉडेल क्रमांक वाचण्याचा कंटाळा करणारे यात अर्धा दिवस घालवतात. मूळ आयपी पत्ताही अनेकदा त्याच लेबलावर छापलेला असतो. तो कंपनीगणिक वेगळा: डी-लिंकच्या डीजीएस-१२१० मालिकेचा १०.९०.९०.९०, टीपी-लिंकच्या ईझी स्मार्ट स्विचचा १९२.१६८.०.१, नेटगिअरच्या बऱ्याच स्मार्ट स्विचचा १९२.१६८.०.२३९. स्विच राउटरला जोडलेला असेल, तर काही मॉडेल हा मूळ पत्ता सोडून राउटरकडून नवा घेतात. मग तो राउटरच्या यादीत शोधावा लागतो.

तपासणीसाठी लॅपटॉप केबलने थेट स्विचला जोडावा आणि बाकीच्या केबली शक्य असेल तर काढून ठेवाव्यात. इथेच पहिली अडचण उभी राहते. लॅपटॉप सहसा आपोआप पत्ता मिळवण्यावर ठेवलेला असतो, आणि एकट्या स्विचकडे पत्ते वाटणारे कोणी नसते. थोडा वेळ वाट पाहून विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते. असा पत्ता दिसला की कारण सापडले असे समजावे. लॅपटॉपला स्विचच्याच सबनेटमधला पत्ता हाताने द्यायचा: स्विच १९२.१६८.०.२३९ वर असेल, तर लॅपटॉपला १९२.१६८.०.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा मोकळी सोडली तरी चालते.

वाय-फाय मात्र बंदच करावे. कित्येक घरगुती राउटरही १९२.१६८.०.१ याच पत्त्यावर असतात. वाय-फाय चालू राहिले, तर पान उघडते ते राउटरचे, आणि माणूस त्यावर स्विचचा पासवर्ड टाकत बसतो. ऑफिसचे व्हीपीएन आणि ब्राउझरमधला प्रॉक्सी हेही असाच घोळ घालतात. शिवाय थोडा धीर हवा. जुन्या पद्धतीचे स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर केबल लावल्यावर ते पोर्ट ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही. हिरवा दिवा लागतो, पिंगला उत्तर येत नाही, आणि उतावळा माणूस तेवढ्यात केबल काढून दुसऱ्या पोर्टात खोचतो. ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून.

पिंगला उत्तर आले नाही, तरी एवढ्यावर हात टेकू नयेत. काही स्विच पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. कमांड प्रॉम्प्टवर एआरपीची यादी पाहावी. स्विचच्या आयपी पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसत असेल, तर केबल आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून उपकरण कोणत्या कंपनीचे तेही कळते आणि भलतेच उपकरण उत्तर देत असल्यास तिथेच पकडले जाते.

इथवर सारे जुळूनही पान येत नसेल, तर ब्राउझरकडे पाहावे. आजचे ब्राउझर काही वेळा पत्त्याला आपल्या मनाने एचटीटीपीएस लावतात. साधे एचटीटीपी पूर्ण टाइप केल्यावर पान उघडल्याचे प्रकार पुष्कळ. जुन्या स्विचची तऱ्हा उलटी. त्यांना टीएलएस १.० च्या पुढचे काही समजत नाही, आणि प्रमुख ब्राउझरांनी २०२० पासून ते सोडून दिले. काही जुनी पाने ज्यावर चालत, ते फ्लॅशही त्याच वर्षाअखेर संपले. स्विच धडधाकट असून त्याचे पान आजच्या लॅपटॉपवर दिसत नाही, याला म्हातारपण म्हणावे, बिघाड नव्हे.

आधी कोणीतरी वापरलेला स्विच जास्त दमवतो. पत्ता बदललेला असतो किंवा पान वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवलेले असते. मग त्या व्हीलॅनच्या पोर्टातूनच ते दिसते. एकेक पोर्ट बदलून पाहण्याआधी वायरशार्क लावून ऐकत बसावे. एलएलडीपी चालू असलेला स्विच सहसा दर ३० सेकंदांनी आपली ओळख जाहीर करतो आणि तीत बऱ्याचदा पत्ताही असतो. ही युक्ती जितकी वापरायला हवी तितकी वापरली जात नाही. कन्सोल पोर्ट असेल तर तो सरळ मार्ग: सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचचा मूळ वेग ९६००, इतरांचा माहितीपुस्तिकेत पाहावा. छोट्या स्मार्ट स्विचना कन्सोल सहसा नसतो.

रीसेटच्या भोकात टाचणी घालणे हा शेवटचा उपाय, आणि तो बहुतेक ठिकाणी पहिला केला जातो. त्याने पत्त्याबरोबर व्हीलॅनची सगळी मांडणी पुसली जाते. कॅमेरे, फोन, हजेरीचे यंत्र एकदम बंद पडू शकते. नुकत्याच केलेल्या बदलामुळे पान हातचे गेले असेल आणि तो बदल सेव्ह केलेला नसेल, तर स्विच नुसता बंद करून चालू केला तरी जुनी मांडणी परत येते.

पान उघडल्यावर पासवर्ड बदलावा, नवा पत्ता कागदावर लिहून स्विचवर चिकटवावा. पासवर्ड तिथे लिहू नये. आणि लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर आणावा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच केबलवर इंटरनेट चालत नाही आणि तक्रार पुन्हा स्विचच्या नावाने होते.