गीझरची भाषा

आमच्या येरमाळ्याच्या घरीं पूर्वीं तांब्याचा बंब होता. तो मुका होता असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या आजीशीं तो नित्य बोलत असे. धूर दाट आला कीं जळण ओलें आहे, पाणी सूं सूं करूं लागलें कीं तें आतां काढून घ्यावें, हें तिला स्वयंपाकघरांत बसल्या बसल्या कळे. बंबाची ही भाषा तिला कोणीं शिकविली नव्हती. पन्नास वर्षांच्या सहवासानें ती तिला आली होती.

चार वर्षांपूर्वीं दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या निमित्तानें वडिलांनीं गॅसवर चालणारा गीझर आणिला, आणि बंब माळ्यावर गेला. नव्या यंत्राच्या अंगावर एक चिमुकली कांच असून तींत आंकडे उमटत. पाणी किती अंश तापलें हें तो आंकडा सांगतो, एवढेंच आम्हीं समजून घेतलें. त्याच कांचेंत कधीं कधीं निराळींच अक्षरें उमटतात आणि तीं आपणांस उद्देशून असतात, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरां कळली. तो उशीर आमच्या घरास किती महाग पडला असता, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. यांत पाणी सांठविण्याची टाकी नसते. नळ उघडला म्हणजे वाहत्या पाण्याच्या दाबानें आंतील पडदा सरकतो व गॅसची वाट मोकळी होते. दोन साध्या सेलांच्या बळावर ठिणगी पडते. जाळ पेटतो, आणि त्याच्या वरच्या तांब्याच्या नळींतून जातां जातां पाणी तापतें. घरची वीज गेली तरी याचें काम अडत नाहीं. आमच्याकडे पहांटे वीज जाणें ही नवलाची गोष्ट नसल्यामुळें वडिलांनीं हाच प्रकार पसंत केला होता.

अशा यंत्राची कल्पना मात्र जुनी आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन या गृहस्थांनीं १८६८ सालीं गॅसवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र बनविलें, आणि आइसलंडमधील उष्ण कारंज्यांच्या नांवावरून त्यास 'गीझर' असें नांव दिलें. त्या यंत्रास धूर बाहेर नेणारें धुराडें नव्हतें. म्हणून तें फार धोक्याचें होतें. पुढें सुधारणा होत गेल्या. आजच्या यंत्रांत जाळ पेटला कीं नाहीं हें पाहणारा एक, पाण्याची उष्णता मोजणारा दुसरा, असे लहान लहान पहारेकरी बसविलेले असतात. कित्येक यंत्रांत अपुऱ्या हवेवर नजर ठेवणारा तिसराहि असतो. एखाद्यास कांहीं विपरीत आढळलें कीं गॅस बंद होतो व कांचेवर त्या पहारेकऱ्याची खूण उमटते. तिलाच 'एरर कोड' असें म्हणतात.

पहिल्याच हिवाळ्यांत एके पहांटे कांचेवर 'ई १' अशीं अक्षरें आलीं. वडिलांनीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. पुन्हां 'ई १'. असें सात-आठ वेळां झालें. शेवटीं सर्वांनीं थंड पाण्यानें स्नानें उरकलीं आणि परगांवाहून मिस्त्री बोलाविला. त्यानें सिलिंडर उचलून पाहिला आणि तो हंसला. सिलिंडर रिता होता! जाण्यायेण्याचें भाडें त्यानें घेतलें तें घेतलेंच.

आमच्या यंत्रांत 'ई १' चा अर्थ एवढाच कीं, ठिणगी पाडली परंतु जाळ दिसला नाहीं. तो कां दिसला नाहीं, हें यंत्रास ठाऊक नसतें. सिलिंडर संपला असेल, त्याची कळ बंद असेल, सेल मंदावले असतील, किंवा गॅसच्या नळींत हवा भरली असेल. खूण दुखणें कोठें आहे तें सांगते. दुखण्याचें कारण आपणच शोधावयाचें असतें. त्याचा क्रमहि साधा आहे. जें हाताशीं आहे तें आधीं पाहावें, मिस्त्री नंतर. मात्र गॅसचा वास येत असेल तर पुन्हां पुन्हां पेटविण्याचा हट्ट धरूं नये, विजेचें बटणहि दाबूं नये. सिलिंडरची कळ बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या.

दुसरी खूण अशी हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. त्या वर्षीं पौषांत थंडी फार पडली होती. वाऱ्याची झुळूक आंत येते म्हणून आम्हींच आपल्या हातांनीं न्हाणीघराच्या झरोक्यांत गोणपाट कोंबलें. तेव्हांपासून दोन-तीन स्नानें झालीं कीं गीझर आपोआप बंद पडे व 'ई ५' ही खूण दाखवी. थोडा वेळ दार उघडें राहिलें कीं तो पुन्हां चाले. धाकटा भाऊ सर्वांच्या शेवटीं स्नानास जात असे. एके दिवशीं तो बाहेर आला तो डोकें धरूनच. दुसऱ्या दिवशीं त्यास ओकारी झाली. "उपाशीं पोटीं स्नान करतो, म्हणून पित्त झालें," असें आम्हीं म्हणालों. यंत्राची तक्रार आणि भावाची तक्रार या दोन्ही एकच आहेत, हें कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

मिस्त्री पुन्हां आला. आंत डोकावून तो वडिलांस म्हणाला, "अण्णा, ही एक तार काढून टाकतों, म्हणजे मधेच बंद पडायची कटकटच राहणार नाहीं." वडील "बरें" म्हणणार, इतक्यांत उंबऱ्यावर बसलेली आजी बोलली, "अरे, कुत्रें भुंकतें म्हणून त्याचें तोंड बांधलेंस, तर चोर आल्याचें सांगणार कोण?"

वडील थबकले. यंत्राबरोबर आलेलें माहितीपत्रक कोठें आहे, याचा शोध सुरू झाला. तें आईनें फडताळांत लोणच्याच्या बरण्यांखालीं पसरलें होतें. तेलाच्या डागांतून आम्हीं तें मोठ्यानें वाचलें. 'ई ५' समोर लिहिलें होतें कीं, खोलींत हवा अपुरी आहे. हवेची सोय झाल्याविना यंत्र चालवूं नये. आम्हां सर्वांची दृष्टि एकदमच झरोक्यांतील गोणपाटाकडे गेली. तें आम्हींच कोंबलें होतें. त्या क्षणीं आमच्या छातींत जें धस्स झालें तें अजून विसरत नाहीं.

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. जाळास पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वासहि नाहीं. सिलिंडरमधील गॅस कळावा म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. या विषारी वायूस तसा कोणीं वास लावलेला नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य, त्याशीं हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट दृढतेनें जखडून बसतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते. पुढें शुद्ध हरपते आणि मनुष्य दारापर्यंतहि पोंचत नाहीं. बंद न्हाणीघरांत गॅसच्या गीझरनें असे मृत्यु आपल्या देशांत अनेकदां घडले आहेत. ती तार त्या दिवशीं निघाली असती, तर पुढें काय झालें असतें याची कल्पनाहि करवत नाहीं. गोणपाट निघालें, आणि गीझर न्हाणीघराबाहेर, पडवीच्या मोकळ्या भिंतीवर बसविला. भावाचें 'पित्त' त्याच दिवसापासून गेलें.

तिसरी खूण गेल्या वर्षीं आली. पाणी बेताचेंच तापे आणि यंत्र मात्र अति तापल्याची तक्रार करून थांबे. हिचें मूळ आमच्या गांवच्या मातींतच होतें. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेंत येथें चुनखडी वेचण्याची चाल आहे. ज्या भूमींत चुनखडी आहे, तिच्या विहिरींच्या पाण्यांतहि चुना विरघळलेला असतो. पाणी तापलें कीं तो पुन्हां घट्ट होऊन नळीच्या आंतल्या बाजूस थरावर थर बसतो. मग जाळाची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोंचत नाहीं व नळीच फाजील तापते. मिस्त्र्यानें गॅस बंद करून, यंत्र निववून, नळींतून लिंबूसत्त्वाचें पाणी फिरविलें. तेव्हां आजी म्हणाली, "बंबाच्या तळाची हीच खपली मी वर्षानुवर्षें खरवडीत आलें." जपानच्या रिन्नाई कारखान्याच्या यंत्रांत अशा थरासाठीं 'एल सी' ही स्वतंत्रच खूण आहे, तेथें ११ म्हणजे पेटलें नाहीं आणि १२ म्हणजे पेटून विझलें. प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी असते. म्हणून शेजाऱ्याच्या गीझरचा अर्थ आपल्या गीझरास लावूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, प्रगतिपुस्तकांतील लाल रेघ हीहि अशीच एक खूण आहे. ती झांकूं नका. आणि पालकांनीं ती पाहून रागावण्यापूर्वीं, कोठला झरोका बुजला आहे तें आधीं पाहावें, अशी आमची नम्र विनंति आहे.

आमचें तें तेलकट माहितीपत्रक आतां लोणच्याच्या बरण्यांखालीं नाहीं. तें पडवीच्या भिंतीवर, गीझरच्या शेजारीं, धाकट्या भावाच्या उंचीला डकवलेलें आहे. कांचेवर कांहीं निराळें उमटलें कीं तोच प्रथम तें वाचतो आणि आम्हां सर्वांस हांक मारतो.