जावाच्या सीमारेषा

जावात बरीच वर्षं काढलेल्या माणसाला क्लासपाथचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. शेकडो जार फायली एका ओळीत मांडायच्या आणि प्रोग्रॅम सुरू करायचा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या त्या ओळीत आल्या, तर जी आधी सापडेल ती खरी. मग बिनबोभाट कंपाइल झालेला कोड चालता चालता एखादी मेथडच नाही म्हणून कोसळतो. जार म्हणजे नुसती झिप फाइल. आतलं काय झाकायचं आणि बाहेर काय द्यायचं, हे तिला सांगताच येत नाही. शेजारच्या पॅकेजला एखादा क्लास हवा असेल तर तो पब्लिक करायचा, आणि एकदा पब्लिक केला की तो कुणीही वापरावा.

ओएसजीआयनं हे दुखणं फार आधी ओळखलं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या त्या संघापुढे घरातली उपकरणं जोडणारे गेटवे होते. यंत्र बंद न करता त्यातला एक भाग काढून दुसरा बसवायचा होता. म्हणून अशा प्रत्येक भागाला, म्हणजे बंडलला, स्वतःचा क्लासलोडर मिळाला. कोणती पॅकेजेस घेणार, कोणती देणार आणि कुठपासून कुठपर्यंतच्या आवृत्त्या चालतील, हे मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिणं आलं. २००४ मध्ये एक्लिप्स ३.० याच पायावर उभं राहिलं. बंडल हा शब्दही न ऐकलेले कितीतरी प्रोग्रॅमर तेव्हापासून रोज बंडलांमध्येच काम करत होते.

मला कोडची शिस्त लागली ती या मॅनिफेस्टमुळे. आवृत्तीची कमाल मर्यादा लिहायची वेळ आली की समोरच्या लायब्ररीवर आपला किती विश्वास आहे, हे ठरवावंच लागतं. त्याची किंमतही जबर होती. एकच क्लास दोन क्लासलोडरमधून आला, की त्या क्लासचं त्याच क्लासमध्ये रूपांतर होत नाही, असा संदेश यायचा. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी. ती चूक उलगडायला जावाच्या पोटात शिरावं लागे, आणि शिरलेला माणूस बाहेर येताना बरंच शिकून येई.

मग प्रमाणीकरणाचा प्रश्न आला. सन मायक्रोसिस्टिम्सनं २००५ मध्ये मॉड्यूलसाठी जेएसआर २७७ हा प्रस्ताव मांडला, तो ओएसजीआयला बाजूला ठेवून. पुढच्या वर्षी आयबीएमनं जेएसआर २९१ च्या रूपानं ओएसजीआयच त्याच प्रमाणीकरणाच्या प्रक्रियेत आणलं आणि २००७ मध्ये ते मंजूरही झालं. २००८ च्या अखेरीस सननं जिगसॉ, म्हणजे जावातच मॉड्यूल आणण्याचा प्रकल्प, जाहीर केला. एवढं मुरलेलं तंत्र हाताशी असताना नवं कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मलाही वाटलं. पण जिगसॉला जी गोष्ट साधायची होती ती ओएसजीआयच्या आवाक्याबाहेर होती. ओएसजीआय जावाच्या वर बसतं. जावाचे स्वतःचे अंतर्गत क्लास त्याला झाकता येत नाहीत. आणि सगळं जग त्या क्लासवर टेकलं होतं. अनसेफ नावाचा क्लास तर इतक्या लायब्रऱ्यांनी धरून ठेवला होता, की जावा ९ मध्येही त्याची वाट मोकळी ठेवावी लागली.

जावा ७ गेलं, ८ गेलं, जिगसॉ पुढे ढकलला जात राहिला. अखेर मे २०१७ मध्ये जावा कम्युनिटी प्रोसेसच्या कार्यकारी समितीत त्यावर मतदान झालं: बाजूनं १०, विरोधात १३. आयबीएम आणि रेड हॅट दोघंही विरोधात. त्या १३ मतांनी जावाचं भलं केलं, असं मी ठामपणे मानतो. हायबरनेट, स्प्रिंग यांसारखी फ्रेमवर्क रिफ्लेक्शननं खासगी फील्डपर्यंत पोचतात; कडक सीमा एका फटक्यात लागू झाल्या असत्या तर चालते प्रोग्रॅम मोडले असते. त्याच महिन्यात जावा ९ पुरता असा प्रवेश इशारा देऊन चालू ठेवण्याचा प्रस्ताव आला. जूनच्या फेरमतदानात २४ मतं बाजूनं पडली, विरोधात एकही नाही, रेड हॅट तटस्थ. २१ सप्टेंबरला जावा ९ आलं. पुढे २०२१ मध्ये जावा १६ नं हा प्रवेश मुळातच बंद ठेवला, आणि १७ नं तो सरसकट पुन्हा उघडण्याची सोयही काढून घेतली. लायब्रऱ्या सुधारायला मधे चार वर्षं मिळाली.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. जिगसॉनं आवृत्त्यांचा प्रश्न हाती घेतलाच नाही. तो मेव्हन आणि ग्रेडलवर सोडला. बहुतेकांचं त्यात भागतं. पण मॉड्यूल पाथवर एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकत नाहीत. त्यासाठी लेअर रचावे लागतात, आणि रोजच्या कामात ते कुणी रचत नाही. ओएसजीआयवाल्यांनी जे सोसून मिळवलं होतं, ते मानकात आलं असतं तर आपण सगळेच पुढे असतो.

अजूनही पुष्कळ सर्व्हर प्रोग्रॅम क्लासपाथवरच चालतात आणि त्यांना मॉड्यूलची फाइल लिहिण्याची सक्ती नाही. दुसऱ्यांच्या हाती जाणाऱ्या लायब्ररीत मी ती लिहितोच. रिव्ह्यूला बसलो की त्या फाइलमधली एक्स्पोर्ट्सची प्रत्येक नवी ओळ थांबून वाचतो आणि हे पॅकेज नेमकं कुणाला हवंय ते विचारतो. उत्तरात एकाच मॉड्यूलचं नाव आलं, तर त्या ओळीत त्याचं नाव घालून पॅकेज तेवढ्यापुरतंच उघडायला सांगतो.