नानाकाकांची स्टॉर्म आणि पप्पांची वही

"काय रे, दर विकांताला गावाला पळतोस? मुली बघणं चालू आहे की काय?"

हापिसातला हा प्रश्न आता पाठ झालाय. खरं उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून मी नुसता हसतो. खरं उत्तर असं की शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, चाकणचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पुढे सटकायचं, मंचर, नारायणगाव करत पिंपळवंडी गाठायची आणि चहा झाला की एका गाडीखाली आडवं व्हायचं. रविवारी रात्री नखांत ग्रीस घेऊन परत. सोमवारच्या मीटिंगला हात टेबलाखाली ठेवायचे.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल तर तुमचा काही दोष नाही. 1998 साली सॅन मोटर्सने ही गाडी आणली. गोव्यात बनलेली, दोन दारं, दोन सीटा, फायबरग्लासची बॉडी, वर कापडी हूड. जातिवंत स्पोर्ट्स कूपे म्हणायची तर डोक्यावर पक्कं छप्पर हवं, पण आपल्याकडे त्या काळी "स्पोर्ट्स कार" म्हणून शोरूममधून विकत घेता येईल असं दुसरं होतं तरी काय? इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर. आकडा ऐकून हसू नका. गाडी हलकी आहे, आणि बूड जमिनीपासून एवढं जवळ असतं की साठचा स्पीडसुद्धा शंभरचा वाटतो :-)

मीही 1998 चाच. फरक एवढाच की माझे स्पेअर पार्ट मिळतात.

आता ही चीज आमच्या गावात कशी आली? तर माझे नानाकाका, पप्पांचे धाकटे भाऊ. 2004 साली द्राक्षाची बाग बरी साधली आणि नाना पुण्याला औषधं आणायला म्हणून गेले ते संध्याकाळी ही लाल गाडी घेऊन आले. सेकंडहँड, 2001 ची नोंदणी. घरात माणसं नऊ, गाडीत जागा दोन. आजीने भाकरतुकडा ओवाळला. पप्पा मात्र ओट्यावरून उठलेच नाहीत. त्या पैशात जुना ट्रॅक्टर आला असता, हे त्यांचं म्हणणं. पुढची कित्येक वर्षं जेवताना ते एवढंच म्हणायचे, "ट्रॅक्टर आला असता." नाना वाढून घ्यायचे आणि गप्प बसायचे.

मी तेव्हा सहा वर्षांचा. नाना मला शाळेत सोडायला त्यातून न्यायचे. बाकीची पोरं एसटीच्या खांबाला लोंबकळायची आणि मी उघड्या गाडीतून. तेव्हाची मिजास अजून उतरलेली नाही, त्याचीच फेड बहुतेक दर शनिवारी चालू आहे.

असो. मुद्द्यावर येतो.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. म्हणजे आमची 2016 ला झाली, 2021 ला झाली आणि आता 2026 ची पाळी. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. 2021 च्या नियमांनी "व्हिंटेज" गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली खरी, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे आमची 2051 मध्ये व्हिंटेज होणार. तोपर्यंत ती नुसतीच जुनी.

आणि या पासिंगच्या तोंडावर बाईंनी रुसायला सुरुवात केली. गार असताना अर्ध्या सेल्फवर चालू. दहा-बारा किलोमीटर झाले, इंजिन तापलं, की एकदम बंद. धक्का नाही, खोकला नाही, थेट बंद. अर्धा तास थांबा, चहा प्या, की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. आमच्या धंद्यात अशा बगला फार शिव्या पडतात. बघायला गेलं की तो दिसत नाही.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी आणि नाना चक्कर मारायला गेलो तर ही बया नेमकी उसाच्या कडेला थांबली. हूड काढून घरी ठेवलेलं. जुन्नर-आंबेगावचा ऊस आणि बिबट्या हे काही कुणाला वेगळं सांगायला नको. अंधार पडायला लागला आणि आम्ही दोघं छप्पर नसलेल्या गाडीत, उसाच्या पाल्याच्या उंचीच्या निम्म्यावर बसलेलो. नाना मोठमोठ्यानं बोलत राहिले, माणसाचा आवाज असला की जनावर लांब राहतं म्हणून. काय बोलत होते ते आठवत नाही. मी मोबाइलचा टॉर्च चारी बाजूंना फिरवत होतो, एवढं आठवतं. वीसेक मिनिटांनी पप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. दोरी बांधली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. दारात ट्रॅक्टर बंद करून म्हणाले, "पासिंगची मुदत संपली की ही इथं ठेवायची नाही. शेडमध्ये ठिबकच्या नळ्या ठेवायला जागा नाय मला."

नाना काहीच बोलले नाहीत. पासष्टी उलटलीय आता त्यांची. गाडीत बसायला त्यांना एक हात द्यावा लागतो आणि उठायला दोन.

मग सुरू झाली शोधाशोध. आळेफाट्याचे मेस्तरी आधी पेट्रोल पंपावर गेले. तो बदलला. तरी तेच. पुढच्या शनिवारी आम्ही मुद्दाम गाडी तापवली, बंद पडू दिली आणि लगेच प्लग काढून बघितला. ठिणगीच नाही. म्हणजे पेट्रोल निर्दोष. मेस्तरी म्हणाले, "मग तुमच्या त्या कॉम्प्युटरला कळतच नसंल इंजिन फिरतंय म्हणून."

अगदी बरोबर. इंजिन फिरतंय आणि नेमकं कुठवर फिरलंय, हे कॉम्प्युटरला सांगायला एक क्रँक सेन्सर असतो. आत चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं, बस्स. पंचवीस वर्षांत तारेला कुठेतरी केसाएवढी चीर पडते. गार असताना टोकं टेकलेली, तापलं की लांब. आम्ही सेन्सर काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरला आणि मल्टिमीटर लावला. गार असताना नीट आकडा दाखवणारा मीटर दोन-तीन मिनिटांत काहीच दाखवेना. मी एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

पार्ट सापडला, पण नवा आणायचा कुठून? हे इंजिन जगात दुर्मीळ नाही. रेनॉ त्याला डी-सेव्हन-एफ म्हणते, आणि युरोपात ट्विंगो, क्लिओ अशा घरगुती गाड्यांत ते सर्रास बसलेलं आहे. फक्त आपल्याकडे ते कुणाच्या दारात नाही. परदेशातून मागवायचं तर नेमका नंबर हवा, सेन्सरचे चार-पाच प्रकार दिसतात आणि आमच्या सेन्सरवरचा नंबर उष्णतेने पार गेलेला. नानांना विचारलं. नाना म्हणाले, "मागे एकदा बदललाय की रे. कुठून आणला... मुंबईहून? आता नाय आठवत."

वीस वर्षं गाडी नानांनीच चालती ठेवली. कुठल्या गाडीचं काय बसतं, काय कापावं लागतं, काय घासावं लागतं, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. हापिसात एखादा जुना सिनिअर राजीनामा देतो तेव्हा त्याच्या कोडपुढे आम्ही जसे बसतो, तसा मी बसलो होतो.

तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पप्पांच्या वहीत बघ की. त्यांनी तर त्या गाडीची पै न् पै लिहून ठेवलीय. वाटणीच्या दिवशी दाखवायला."

मला काही सेकंद कळलंच नाही.

एकत्र घराचा हिशोब पप्पांकडे. आणि नानांच्या गाडीवर घरातून जो पैसा गेला, त्याची पप्पांनी वेगळी वही केली होती. दोनशे पानी. उद्देश सरळ होता, वाटणी होईल तेव्हा नानांच्या हिश्शातून हे वजा. आणि पुढेमागे कुणी "एवढे कशाला लागले?" म्हणून वाद घालू नये म्हणून प्रत्येक नोंदीत काय घेतलं, कुठून घेतलं, कशासाठी, सगळं. काही नमुने देतो.

"नानाची गाडी. हूड फाटले. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून शिवून घेतले. रेक्झिन अडीच मीटर. 900 रु. बैलाची झूल झाली असती."

"दरवाजाचे रबर. टेम्पोचे बसते. डावीकडचे दोन सूत कापावे लागते. 140 रु."

"वायरच्या भोकात ठिबकचा 16 चा ग्रोमेट बसतो. आपलाच. पैसे नाहीत."

"पुढचे दिवे मंद. बॉडी फायबरची म्हणून अर्थिंग मिळत नाही असे मेस्तरी म्हणतात. बॅटरीपासून वेगळी काळी वायर ओढली, 5 मीटर. 110 रु. फायबरची गाडी!!"

ही शेवटची नोंद वाचून मी कपाळावर हात मारला. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीच्या वायरचं काम करते, फायबरमधून वीज जात नाही. दिवे मंद म्हणून मी महिनाभर बल्ब बदलत बसलो होतो. ती काळी वायर शोधली तर टोकाला हिरवी बुरशी. पॉलिश पेपरने घासली, दिवे लख्ख.

आणि 2009 च्या पानावर: "गाडी गरम झाली की बंद. इंजिनाचा सेन्सर. मुंबई. 1,850 रु. नानाला म्हटले आता बास." खाली, पावती म्हणून, सेन्सरच्या खोक्याचं लेबल खळीने चिकटवलेलं. 77 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर, जसाच्या तसा.

कॉलेजचा एक मित्र जर्मनीत ऑनसाइट आहे. त्याला नंबर पाठवला. महिन्याभराने तो सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत चॉकलेटांच्या मध्ये सेन्सर होता. बसवायला वीस मिनिटं लागली. जाताजाता पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्या टाकल्या. पप्पा बघत उभे होते. त्यांना म्हटलं, इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणाले, "म्हंजे आपलाच ऊस हिच्या नळ्या खातोय तर." गाडीवरून पप्पांनी केलेला हा पहिलाच विनोद.

त्या रात्री मी त्यांना विचारलं. वाटणी तर 2014 लाच झाली. वही दाखवली का?

पप्पा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "काढली होती. पिशवीत घेऊन बसलो होतो. नाना आधीच बोलला, भाऊ, विहीर तुझ्याकडं राहू दे, माझं भागतंय. मग कशी दाखवणार?"

नानांना ती वही आहे हे अजून माहीत नाही. म्हणजे निदान ते तसं दाखवतात.

परत येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हाच विचार करत होतो. नानांचं गाडीवर प्रेम, म्हणून त्यांना लिहावंसं कधी वाटलंच नाही. प्रेम करणाऱ्याला सगळं आठवणारच असतं. पप्पांना राग होता आणि उद्या कुणी खोटं पाडेल ही धास्ती होती, म्हणून त्यांनी सूत-मीटरसकट लिहून ठेवलं. आज गाडी चालते आहे ती पप्पांच्या रागावर. पार्ट जगात कुठे ना कुठे मिळतो, मित्राच्या बॅगेतून येतो. कुठला पार्ट, एवढं तेवढं कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

मी ती वही स्कॅन करून ठेवली आहे, पण मूळ प्रत पप्पांच्या कपाटातच आहे. पासिंग पुढच्या गुरुवारी. रजा टाकली आहे, कारण साहेबांना "आजोळी कार्य आहे" असं सांगितलंय. तिकडे काय होतं ते कळवीनच.

जाता जाता एक. काल निघताना वही पुन्हा उघडून बघितली. बारा वर्षांनी एक नवी नोंद होती, तेच अक्षर, थोडं थरथरतं:

"नानाची गाडी. सेन्सर, जर्मनीहून. पोराने आणवला, पैसे त्यानेच दिले. पुढच्या वेळी दोन आणावेत."