काटे मोठे, धार बोथट

२९ ऑक्टोबर २०११ च्या अवकाळी बर्फाने आमच्या कनेटिकटच्या घरासमोरचा ओक ड्राइव्ह-वेवर आडवा केला. पानं झडली नव्हती, त्यांवर ओला बर्फ साचला. कापायला माणूस मिळेना, म्हणून चेनसॉ आणली. पुण्यात मी साधी कुऱ्हाडही धरली नव्हती! तेव्हापासून शेगडीचं सरपण मीच कापतो.

गेल्या फॉलमध्ये एका जाड ओंडक्यात सॉ अडू लागली. पट्टीच्या बुडाशी लोखंडी काटे असतात, बकिंग स्पाइक्स. ते सालीत रोवायचे, मागची मूठ उचलायची, की त्या टेकूवर सॉ खाली फिरते. माझे काटे बारीक, हे निदान मीच केलं आणि मोठे बसवले. रुतले मस्त! पण तरफ मिळाल्यावर माणूस जोर लावतोच. एंजिन घुसमटलं, साखळी थांबली. शिवाय काटे पूर्ण रुतले नाहीत, तर १६ इंची पट्टीतली तेवढी लांबी बाहेरच राहते.

धूर पाहून हिने सॉ विकायचा हुकूम सोडला.

शेजारचे आजोबा आले. खाली पडलेलं चिमटीत घेऊन म्हणाले, ‘‘हे तर पीठ! ढलप्या पडायला हव्यात.’’ धारदार साखळी आपणहून लाकडात उतरते.

‘‘नाचता येईना, अंगण वाकडं,’’ इति ही.

दुपारभर कानशीने एकेक दात घासला. ओंडका निमूट कापला गेला. मोठे काटे ठेवलेत. जाड सालीत सॉ हलू देत नाहीत. विक्रीचा विषय सध्या स्थगित आहे.